विश्लेषण : १० पौंड लावा, १ पौंड मिळवा! १४ मिनिटांत राजपुत्राचे हजारो पौंड बुडाले. पैजांच्या लढतींना नियम देणारा जॅक ब्रॉटन कोण होता?

एप्रिल १७५०. लंडनच्या ऑक्सफर्ड रोडलगतच्या आखाड्यात इंग्लंडचा सर्वांत नावाजलेला मुष्टियोद्धा जॅक ब्रॉटन लढायला उतरला, तेव्हा निकालाबद्दल फारशी कुणाला शंका नव्हती. समोर होता नॉर्विचचा खाटीक जॅक स्लॅक. पैजेचा भाव ब्रॉटनच्या बाजूने १० ला १ असा होता. म्हणजे ब्रॉटनवर १० पौंड लावले तर जिंकल्यावर नफा अवघा १ पौंड. तरीही पैसे लावणाऱ्यांची रांग होती आणि त्यात खुद्द राजाचा मुलगा होता. सुमारे १४ मिनिटांनी ब्रॉटन हरला. राजपुत्राचे हजारो पौंड बुडाले.

आज मिक्स्ड मार्शल आर्ट्स अर्थात एमएमएच्या लढती मोबाइलवर पाहणाऱ्या तरुणांना प्रत्येक लढवय्याच्या नावापुढे अधिक-उणे चिन्हांचे आकडे दिसतात. हे आकडे म्हणजे पैजेचे भाव. ते कसे वाचायचे, ते काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे समजून घेण्यासाठी पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या या माणसाचे आयुष्य उत्तम धडा आहे. कारण पैज लावणाऱ्यांना निकालावर विश्वास ठेवता यावा, असे लिखित नियम लढतींना पहिल्यांदा मिळाले ते ब्रॉटनच्या आखाड्यात. आणि नियम कितीही चोख असले तरी भाव चुकू शकतो, हे दिसले तेही त्याच आखाड्यात.

जॅक ब्रॉटन कोण होता?

ब्रॉटनचा जन्म १७०३-०४ च्या सुमाराचा. तरुणपणी तो थेम्स नदीवर नाव वल्हवत असे. त्या काळी लंडनमध्ये थेम्सवर पूल एकच होता, लंडन ब्रिज. त्यामुळे या काठावरून त्या काठावर जाणाऱ्यांना नावाड्यांवर अवलंबून राहावे लागे. हे काम ताकदीचे आणि दमसासाचे. थॉमस डॉगेट या नटाने १७१५ मध्ये नावाड्यांसाठी सुरू केलेली वल्हवण्याची शर्यत ब्रॉटनने १७३० मध्ये जिंकली. विजेत्याला रंगीत कोट आणि चांदीचा बिल्ला देणारी ही शर्यत लंडनमध्ये आजही होते.

लंडनमध्ये तेव्हा बक्षिसाच्या लढतींचा जमाना होता. जेम्स फिग हा तलवार, काठी आणि मूठ अशा तिन्हींत तरबेज असलेला लढवय्या १७१९ पासून स्वतःचा आखाडा चालवत होता. १७३४ मध्ये फिगचे निधन झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ब्रॉटन हे मुष्टियुद्धातले सर्वांत मोठे नाव बनले.

ब्रॉटनची खासियत केवळ ताकद नव्हती. समोरच्याचा ठोसा अडवणे, एक पाऊल मागे सरून त्याला पुढे ओढणे आणि मग उलटा वार करणे, अशी त्याची पद्धत होती. बरगड्यांखाली, पोटाच्या वरच्या भागात तो मारत असलेला ठोसा इतका गाजला की ती जागाच पुढे त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. कॅप्टन जॉन गॉडफ्री यांनी १७४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मसंरक्षणावरील पुस्तकात ब्रॉटनला मुष्टियोद्ध्यांमध्ये सर्वांत वरचे स्थान दिले आहे.

तेव्हाचे मुष्टियुद्ध एमएमएच्या जवळचे का?

आज बॉक्सिंग म्हटले की हातमोजे, दोरांचे रिंगण आणि तीन मिनिटांच्या फेऱ्या डोळ्यांसमोर येतात. ब्रॉटनच्या काळात यातले काहीच नव्हते. लढत उघड्या मुठींनी होई. प्रतिस्पर्ध्याला धरणे, मिठी मारणे, कमरेवर घेऊन आपटणे हे सगळे चालत असे. फेरीला वेळेची मर्यादा नव्हती. कुणी एक खाली पडला की फेरी संपली. मग उठायचे आणि पुन्हा भिडायचे. एक जण लढू शकत नाही, तोवर हेच चालायचे.

ठोसेबाजी आणि कुस्ती यांचे हे मिश्रण आजच्या बॉक्सिंगपेक्षा एमएमएला अधिक जवळचे आहे. अर्थात फरकही मोठा आहे. एमएमएमध्ये जमिनीवर गेल्यावरही लढत सुरू राहते, लाथा चालतात, हात किंवा गळा आवळून प्रतिस्पर्ध्याला शरण आणता येते. पण पैज लावणाऱ्याच्या दृष्टीने साम्य महत्त्वाचे आहे. दोन माणसे, निकालाचे अनेक मार्ग आणि एका क्षणात सगळे उलटण्याची शक्यता.

पैजा कशा लागत असत?

त्या काळी आजच्यासारखा बुकी नव्हता. सर्वांकडून पैसे घेऊन दोन्ही बाजूंना भाव देणारा हा व्यवसाय इंग्लंडमध्ये घोड्यांच्या शर्यतींवर अठराव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आला. ब्रॉटनच्या आखाड्यात पैज थेट दोन माणसांमध्ये लागे. एकाने ब्रॉटनची बाजू घ्यायची, दुसऱ्याने स्लॅकची. भाव ठरायचा तो आजूबाजूच्या माणसांचे मत पाहून.

यात एक अडचण होती. ब्रिटनमध्ये १७१० च्या कायद्याने जुगाराची मोठी देणी कोर्टातून वसूल करता येत नसत. म्हणजे हरलेल्याने पैसे दिले तर ते अब्रूपोटी. अशा व्यवहारात निकालाबद्दल जरासा जरी वाद राहिला, तरी हरणाऱ्याला पैसे न देण्याचे निमित्त मिळायचे. माणूस पडला तो ठोशाने की पाय घसरून? किती वेळ पडून राहिला म्हणजे हरला? त्याने हार मानली हे कुणी ऐकले? प्रत्येक प्रश्नामागे पैसे अडकलेले असत.

मग सात नियम आले कसे?

प्रचलित कथा अशी आहे की, १७४१ मध्ये ब्रॉटनची जॉर्ज स्टीव्हनसन या गाडीवानाशी लढत झाली. त्या मारामुळे स्टीव्हनसनचा काही दिवसांनी मृत्यू झाला आणि हादरलेल्या ब्रॉटनने पुन्हा असे होऊ नये म्हणून नियम केले. ही कथा मुष्टियुद्धाच्या बहुतेक इतिहासांत येते.

पण नियमांचा मजकूर बारकाईने पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसते. ब्रॉटनने १७४३ मध्ये धनिक पाठीराख्यांच्या मदतीने स्वतःचा आखाडा उघडला आणि त्याच वर्षी १६ ऑगस्टला सात नियम लागू झाले. ते आखाड्यात येणाऱ्या प्रतिष्ठित मंडळींच्या संमतीने ठरले होते. ही मंडळी म्हणजेच पैजा लावणारे लोक. या सातपैकी लढवय्याच्या शरीराचे थेट रक्षण करणारा नियम मुख्यतः एकच आहे. बाकीचे बहुतेक नियम वाद मिटवण्यासाठी आहेत.

पहिला नियम : मंचाच्या मधोमध खडूने एक यार्ड लांबी-रुंदीचा चौकोन आखायचा. प्रत्येक वेळी पडल्यानंतर दोघांना त्याच्या कडेला समोरासमोर उभे करायचे. तोवर कुणी हात उचलायचा नाही. अर्थ साधा : फेरी कधी सुरू झाली, यावर वाद नको.

दुसरा नियम : पडलेल्या माणसाला अर्ध्या मिनिटात त्या रेषेवर आणले नाही, तर तो हरला. अर्थ : ‘हरला’ म्हणजे काय, याची मोजता येणारी व्याख्या.

तिसरा नियम : मुख्य लढतीत मंचावर दोन लढवय्ये आणि त्यांचे मदतनीस यांच्याशिवाय कुणीही नको. अर्थ : पैसे लावलेल्या बघ्याने मध्ये घुसून लढत बिघडवायची नाही.

चौथा नियम : वेळेत रेषेवर न येणे किंवा स्वतःच्या मदतनिसाने हार जाहीर करणे, या दोनच गोष्टींनी लढवय्या हरू शकतो. शिवाय एका बाजूच्या मदतनिसाने दुसऱ्या बाजूच्या लढवय्याला प्रश्न विचारायचे नाहीत की हार मान म्हणून सल्ला द्यायचा नाही. अर्थ : मंचावर सौदेबाजी नको.

पाचवा नियम : छोट्या लढतींत जमलेल्या पैशांपैकी दोनतृतीयांश विजेत्याला आणि ही वाटणी मंचावर सर्वांसमोर करायची, दोघांत आधी खासगीत काहीही ठरलेले असले तरी. अर्थ : आपण दोघे निम्मे-निम्मे वाटून घेऊ, मग कोण जिंकतो याने काय फरक पडतो, असा करार निकामी करायचा. आपल्याकडे ज्याला नुरा कुस्ती म्हणतात, त्यावरचा हा उपाय होता.

सहावा नियम : मुख्य लढतीआधी लढवय्यांनी उपस्थितांमधून दोन पंच निवडायचे. त्यांचा निर्णय अंतिम. दोघांचे एकमत झाले नाही तर त्यांनी तिसरा निवडायचा. अर्थ : वाद मंचावरच संपवायचा.

सातवा नियम : खाली पडलेल्याला मारायचे नाही, कमरेखाली धरायचे नाही. गुडघ्यावर आलेला माणूस पडलेलाच समजायचा. हा मात्र लढवय्याला वाचवणारा नियम.

हे नियम जवळपास शंभर वर्षे टिकले. १८३८ मध्ये लंडन प्राइझ रिंगचे नियम आले आणि १८६७ मध्ये हातमोज्यांसह क्वीन्सबरी नियम. पण पाया तोच राहिला. आजच्या एमएमएमध्ये पंच, ठरलेल्या फेऱ्या, तीन गुणलेखक आणि निकालाच्या ठरलेल्या व्याख्या आहेत. जमिनीवर असलेला प्रतिस्पर्धी म्हणजे नेमका कोण, त्याच्या डोक्यावर लाथ कधी मारता येत नाही, याच्या व्याख्येवर तर अगदी २०२४ पर्यंत फेरबदल होत राहिले. गुडघ्यावरचा माणूस पडलेला मानायचा की नाही, हा ब्रॉटनचाच प्रश्न आहे.

राजपुत्र आणि हातमोजे

ब्रॉटनचा सर्वांत मोठा पाठीराखा होता राजे दुसरे जॉर्ज यांचा मुलगा विल्यम, ड्यूक ऑफ कंबरलँड. १७४६ मध्ये स्कॉटलंडमधील कलोडनची लढाई जिंकणारा हाच सेनापती. ब्रॉटनला राजाच्या रक्षकदलात मानाची जागाही मिळाली होती. नदीवर नाव वल्हवणारा माणूस दरबारापर्यंत पोहोचला, तो मुठीच्या आणि पैजांच्या जोरावर.

१७४७ मध्ये ब्रॉटनने लंडनच्या हेमार्केट भागात मुष्टियुद्ध शिकवण्याचे वर्ग सुरू केले. शिकायला येणारे बडे घरचे. काळानिळा डोळा किंवा फुटलेले नाक घेऊन घरी जाणे त्यांना परवडणारे नव्हते. म्हणून सरावासाठी त्याने मऊ भरण असलेले हातमोजे आणले. आजच्या बॉक्सिंग ग्लोव्हजचे हे पूर्वज. पण ते फक्त सरावापुरते होते. खऱ्या लढती उघड्या मुठींनीच होत राहिल्या आणि १७५० मध्ये ब्रॉटनला हेच भोवले.

१० ला १ म्हणजे नेमके किती?

स्लॅकच्या लढतीकडे जाण्याआधी आकडा समजून घेऊ. १० पौंड लावून १ पौंड नफा मिळणार असेल, तर ११ वेळा पैज लावल्यावर १० वेळा जिंकलात आणि एकदा हरलात तर हिशेब शून्यावर येतो. दहा वेळा मिळवलेला एकेक पौंड अकराव्या वेळी एकदम जातो. म्हणजे या भावाला पैज फायद्याची ठरायची तर ब्रॉटन जिंकण्याची शक्यता १० भागिले ११, म्हणजे सुमारे ९१ टक्क्यांहून जास्त हवी.

आता समजा ब्रॉटन खरोखरच चांगला होता आणि अशा लढती तो पाचपैकी चार वेळा जिंकला असता. म्हणजे ८० टक्के. ही शक्यता भक्कमच. तरी हिशेब काय सांगतो? ८० टक्के वेळा १ पौंड मिळणार, म्हणजे ०.८ पौंड. २० टक्के वेळा १० पौंड जाणार, म्हणजे २ पौंड. सरासरी प्रत्येक पैजेमागे १.२ पौंडांचा तोटा. उलट त्याच भावाला स्लॅकवर १ पौंड लावणाऱ्याला सरासरी १.२ पौंडांचा फायदा.

नवख्या माणसाला सर्वांत अवघड जाणारी गोष्ट हीच आहे. जिंकण्याची शक्यता जास्त असलेल्या लढवय्यावर लावलेली पैजही वाईट असू शकते. कोण जिंकेल हा एक प्रश्न आणि भाव बरोबर आहे का हा वेगळा प्रश्न. बहुतेक लोक पहिल्याचेच उत्तर शोधतात आणि दुसऱ्याचे पैसे मोजतात.

त्या १४ मिनिटांत काय घडले?

नंतरच्या मुष्टियुद्ध-इतिहासांत सांगितले जाते त्यानुसार वादाची सुरुवात घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर झाली. ब्रॉटनने स्लॅकला चाबकाने मारण्याची धमकी दिली आणि स्लॅकने त्याला लढतीचे आव्हान दिले. ब्रॉटनला हे आव्हान इतके किरकोळ वाटले की त्याने नीट सरावही केला नाही. उलट स्लॅक ऐनवेळी माघार घेईल म्हणून त्याला १० गिनी देऊ केल्या, असेही सांगतात. तेव्हा ब्रॉटनचे वय ४६ च्या आसपास होते.

पहिली दोन-तीन मिनिटे अपेक्षेप्रमाणे गेली. ब्रॉटन वरचढ होता. मग स्लॅकचा एक ठोसा त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध बसला. काही क्षणांत डोळे सुजून बंद झाले. ब्रॉटन पायावर उभा होता, अंगात ताकद होती, पण समोरचा माणूस त्याला दिसत नव्हता. गोंधळलेल्या कंबरलँडने त्याला जाब विचारला. ब्रॉटनने आपण हरलेलो नाही, फक्त प्रतिस्पर्धी दिसत नाही, असे सांगितल्याची आख्यायिका आहे. नियम मात्र त्याचेच होते. सुमारे १४ मिनिटांत लढत संपली.

कंबरलँडने किती गमावले? अनेक पुस्तकांत १० हजार पौंड हा आकडा येतो. तो खरा मानला आणि भाव शेवटपर्यंत १० ला १ राहिला असे धरले, तर जिंकल्यावर त्याला मिळाले असते फक्त एक हजार. हजारासाठी दहा हजार पणाला. आपला माणूस लबाडीने हरला, असा राजपुत्राचा समज झाला, असे सांगतात. ब्रॉटनचा आखाडा बंद पडला आणि ब्रॉटन पुन्हा बक्षिसासाठी लढला नाही.

भाव कुठे चुकला?

पैज लावणाऱ्यांकडे माहिती होती, पण ती जुनी होती. ब्रॉटनचे नाव, त्याचे गाजलेले विजय, त्याने लिहिलेले नियम, त्याच्यामागचा राजपुत्र हे सगळे भावात धरलेले होते. त्याचे वय, न केलेला सराव आणि एका ठोशाने डोळे बंद होण्याची शक्यता मात्र धरलेली नव्हती. भाव हे लढवय्याच्या ताकदीचे माप नसते. ते पैसे लावणाऱ्यांच्या खात्रीचे माप असते. दोन्ही बहुतेक वेळा जवळपास असतात. एकदा जेव्हा नसतात, तेव्हा आधीच्या दहा विजयांची कमाई जाते.

एमएमएमध्ये हा धोका अधिक आहे. हातमोजे अवघे चार औंसांचे, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम. साधी लढत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची आणि विजेतेपदाची पाच फेऱ्यांची. एक लाथ, एक चुकलेला पवित्रा किंवा डोळ्यावरची जखम पाहून डॉक्टरांनी दिलेला थांबण्याचा सल्ला, यातल्या कशानेही निकाल लागतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये मेलबर्नला तोवर अपराजित असलेली राँडा राउझी ही विजेती हॉली होमविरुद्ध मोठ्या पसंतीने उतरली आणि दुसऱ्या फेरीत डोक्यावर बसलेल्या लाथेने हरली. ब्रॉटन-स्लॅक लढतीचीच ही आधुनिक आवृत्ती.

नियम असूनही नुरा कुस्ती?

ब्रॉटनच्या नियमांनी निकालाची व्याख्या पक्की केली, पण लढवय्याच्या मनावर त्यांचा ताबा नव्हता. स्लॅकने पुढे दहा वर्षे अव्वल स्थान टिकवले. १७६० मध्ये बिल स्टीव्हन्सने त्याला हरवले. पुढच्याच वर्षी हा स्टीव्हन्स जॉर्ज मेग्ज या तुलनेने सामान्य लढवय्याकडून हरला. मेग्जला तयार करणारा माणूस होता स्लॅक. स्टीव्हन्सने हरण्यासाठी पैसे घेतले होते, हे पुढे उघड झाले आणि मुष्टियुद्धाचे नाव बरीच वर्षे खराब झाले.

हा धोका आजही आहे. एखाद्या लढवय्याची दुखापत त्याच्या चमूला माहीत असते, बाहेरच्यांना नसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये लास वेगासमधील एका यूएफसी लढतीआधी काही तासांत भाव अचानक एका बाजूला झुकला. लढत पहिल्याच फेरीत संपली आणि हरलेला लढवय्या आधीच जखमी होता, हे नंतर समोर आले. चौकशी सुरू झाली, कॅनडातील ओंटारिओ प्रांताने काही काळ यूएफसीवरील पैजा थांबवल्या. त्याआधीच, ऑक्टोबर २०२२ मध्ये, यूएफसीने आपल्या लढवय्यांना स्पर्धेतील लढतींवर पैजा लावण्यास बंदी केली होती. कारण समोर पैज घेणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असेल, तर भाव कितीही आकर्षक दिसला तरी तो सापळा असतो.

आजचे आकडे कसे वाचायचे?

ब्रॉटनचा १० ला १ हा भाव अमेरिकी पद्धतीत उणे १००० असा लिहितात. म्हणजे १००० लावले तर १०० नफा. अधिक चिन्ह असेल तर उलटे : अधिक ३०० म्हणजे १०० लावले तर ३०० नफा. दशांश पद्धतीत हाच १० ला १ चा भाव १.१० होतो. म्हणजे मूळ रकमेसह परत मिळणारी रक्कम. दशांश भावाने १ ला भागले की त्या भावात गृहीत धरलेली शक्यता मिळते. १ भागिले १.१० म्हणजे ९०.९ टक्के.

आता १७५० आणि आज यातला सर्वांत मोठा फरक पाहू. समजा एका लढतीत एकाचा भाव १.४० आणि दुसऱ्याचा ३.०० आहे. पहिल्याची शक्यता ७१.४ टक्के, दुसऱ्याची ३३.३ टक्के. बेरीज होते १०४.८. दोघांपैकी एकच जिंकणार, मग बेरीज शंभरच्या वर कशी? वरचे हे ४.८ म्हणजे भाव देणाऱ्याची कमाई. दोन्ही बाजूंना पैसे समतोल लागले तर दर १०० रुपयांमागे साडेचार रुपयांच्या आसपास त्याच्याकडे राहतात, कोणीही जिंको. ब्रॉटनच्या काळात दोन माणसांच्या थेट पैजेत एकाचा तोटा तो दुसऱ्याचा फायदा असे. आज सगळे पैज लावणारे मिळून कायम थोड्या तोट्यात असतात. म्हणूनच दीर्घकाळ खेळत राहणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पैसे जातात. यात नशिबाचा नव्हे, गणिताचा भाग मोठा आहे.

भारतात कायदा काय सांगतो?

भारतात एमएमएवर पैसे लावणे हा कायदेशीर पर्याय नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. अशी सेवा देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदाही आहे. परदेशी संकेतस्थळावर पैसे अडकले तर दाद मागायची कुणाकडे, हा प्रश्न उरतोच. १७१० नंतरच्या लंडनमध्येही पैजेच्या देण्यांची नेमकी हीच अडचण होती. फरक इतकाच की तेव्हा समोरच्याला अब्रूची तरी चाड असायची आणि त्याचा चेहरा तरी दिसायचा.

त्यामुळे भाव वाचायला शिकण्याचा उपयोग पैसे लावण्यापेक्षा लढत समजून घेण्यासाठी अधिक आहे. भाव एका बाजूला का झुकला, लोकांची खात्री कशावर बेतली आहे आणि त्यांनी काय धरलेले नाही, हे शोधत लढत पाहिली तर ती अधिक रंगतदार वाटते आणि खिशाला तोशीसही लागत नाही.

ब्रॉटनचे पुढे काय झाले?

एका लढतीत सर्वस्व गेले, असा ब्रॉटनचा शेवट झाला नाही. आखाडा बंद झाल्यावर तो लॅम्बेथ भागात राहिला. जुने फर्निचर आणि वस्तूंच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय त्याने केला. ८ जानेवारी १७८९ रोजी, ऐंशी पार केल्यानंतर त्याचे निधन झाले. मागे त्याने सुमारे सात हजार पौंडांची मालमत्ता ठेवल्याचे सांगितले जाते. त्या काळच्या मानाने ही मोठी रक्कम होती. त्याच्यावर पैसे लावणाऱ्या राजपुत्राने एका दुपारी गमावल्याचे सांगतात, त्या रकमेच्या जवळ जाणारी.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये, पश्चिमेकडच्या ओवरीत ब्रॉटनची कबर आहे. इंग्लंडचा विजेता मुष्टियोद्धा असा उल्लेख कबरीवर असावा, ही त्याची इच्छा होती. पण धर्मस्थानात तो शोभणार नाही म्हणून नावापुढची जागा कोरी सोडण्यात आली. १९८८ मध्ये, जवळपास दोनशे वर्षांनी, ते शब्द तिथे कोरले गेले.